घरात आणि दुकानात फायबर घेताना : खांबापासून राउटरपर्यंत

फायबरचे नवे कनेक्शन घ्यायला निघालेला माणूस सहसा किती रुपयांत किती स्पीड एवढीच चौकशी करतो आणि जाहिरातीतला आकडा पाहून पैसे भरून मोकळा होतो. पुढे वर्षभर त्याला जो अनुभव येतो तो त्या आकड्यावर फारसा ठरत नाही. इमारतीत तार कुठून आली, बॉक्स कोणत्या भिंतीवर लागला आणि तार तुटल्यावर ती जोडायला कोण आणि किती वेळात येतो, यांवर तो ठरतो. म्हणून प्लॅनच्या तुलनेकडे आपण थोडे उशिरा वळू. ज्यांनी आजवर मोबाइलच्या डेटावर किंवा जुन्या तांब्याच्या टेलिफोन लाइनवर काम भागवले आहे, अशा घरमालकांनी, भाडेकरूंनी आणि छोट्या दुकानदारांनी कोणत्या क्रमाने जावे, ते पुढे दिले आहे.

तार घरापर्यंत कशी येते

ऑपरेटरच्या केंद्रात ओएलटी नावाचे यंत्र असते. त्यातून निघालेली तार परिसरात येते. खांबावरच्या किंवा इमारतीच्या डक्टमधल्या पेटीत असलेला स्प्लिटर तिच्यातला प्रकाश आठ, सोळा किंवा बत्तीस वाटांनी विभागतो आणि त्यातली एक वाट ड्रॉप वायरच्या रूपाने तुमच्या घरी येऊन ओएनटी या बॉक्सपाशी संपते. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे रस्त्यावरची वीज गेली तरी मधली वाट चालू राहते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत तुमच्याकडे येणारा डेटा १४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर आणि तुमच्याकडून जाणारा १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर, एकाच धाग्यातून एकाच वेळी वाहतो. केंद्रातल्या एका पोर्टची क्षमता येण्यासाठी सुमारे २.५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) आणि जाण्यासाठी सुमारे १.२५ जीबीपीएस असते, आणि त्या पोर्टवरची सगळी घरे ती वाटून घेतात. काही लहान ऑपरेटर ईपॉन ही दुसरी पद्धत वापरतात. ग्राहकाला त्याने फारसा फरक पडत नाही, पण एका पद्धतीचा बॉक्स दुसऱ्या पद्धतीच्या लाइनवर चालेलच असे नसते, म्हणून जुना बॉक्स बाजारातून स्वस्तात घेऊन ठेवू नये.

काचेचा हा धागा १२५ मायक्रॉन जाडीचा असतो आणि प्रत्यक्ष प्रकाश त्याच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो. (ही काच आपल्या राज्यातही तयार होते; छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि वाळूज येथे तिचे कारखाने आहेत.) इतक्या बारीक वाटेवर धुळीचा एक कण किंवा एक तीव्र वळण पुरेसे अडथळा आणते, आणि घरातल्या निम्म्याअधिक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

एक सावधगिरी आधीच घ्यावी. ‘एअरफायबर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सेवेत घरापर्यंत काचेची तार येत नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर बसवलेला अँटेना प्रामुख्याने मोबाइलच्या ५जी जाळ्यावर चालतो. जिथे तार पोहोचत नाही तिथे ती सोय चांगली आहे, मात्र आपण नेमके काय घेत आहोत हे पावती फाडण्यापूर्वी विचारून घ्यावे.

परिसरात कोणाची तार आहे, हे पाहा

कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून मिळणारे ‘सेवा उपलब्ध’ हे उत्तर पुरेसे नसते, कारण एकाच पिनकोडमध्ये एका गल्लीत पेटी असते आणि पलीकडच्या गल्लीत नसते. शेजारी, खालचा किराणा दुकानदार आणि इमारतीचा वॉचमन यांना विचारावे. त्यांना तीन गोष्टी विचाराव्यात : रात्री नऊ ते अकरा या वेळेत नेट कसे चालते, गेल्या पावसाळ्यात लाइन किती वेळा गेली, आणि गेली तेव्हा माणूस त्याच दिवशी आला का. रात्रीचा प्रश्न महत्त्वाचा अशासाठी की, त्या वेळी सगळे घरी असतात आणि ऑपरेटरने पुढून पुरेशी बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, घेतली आहे की नाही ते तेव्हाच उघडे पडते.

मोठी कंपनी की ओळखीचा केबलवाला, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. माझे मत असे की, दुरुस्तीचा माणूस चालत येण्याच्या अंतरावर राहत असेल तर त्या गोष्टीला प्लॅनमधल्या पन्नास-शंभर रुपयांच्या फरकापेक्षा जास्त वजन द्यावे. मात्र केबलवाला ज्या परवानाधारक इंटरनेट कंपनीचा भागीदार म्हणून सेवा देतो, तिचे नाव बिलावर असलेच पाहिजे. नुसत्या वहीतल्या नोंदीवर आणि रोख रकमेवर चाललेल्या कनेक्शनची तक्रार पुढे कुठेही टिकत नाही.

खेड्यात चित्र थोडे वेगळे असते. केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि नंतर भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागलेली योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्यासाठी होती, त्यामुळे अनेक ठिकाणी तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत येऊन थांबलेली दिसते. तिथून घरापर्यंतचा टप्पा बहुधा बीएसएनएलचा स्थानिक भागीदार किंवा एखादा केबलवाला पुरवतो. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणीवर भर दिला आहे, म्हणजे तार एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहावी. गावात कनेक्शन घेताना ग्रामपंचायतीतला बॉक्स प्रत्यक्ष चालू आहे का, त्याला विजेचा बॅकअप आहे का, आणि पुढचे खांब कोणाचे आहेत, एवढी चौकशी करावी.

सोसायटीची आणि घरमालकाची परवानगी

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहत असाल तर अर्ज भरण्यापूर्वी सेक्रेटरींना लेखी कळवावे. नव्या इमारतींत कमी दाबाच्या तारांसाठी वेगळा डक्ट असतो. जुन्या इमारतींत तार गच्चीवरून खाली सोडून खिडकीतून आत घेण्याची पद्धत आहे. दुसरा मार्ग स्वस्त आणि झटपट असला तरी उन्हाने तारेचे आवरण तडकते, खारी ते कुरतडतात आणि रंगकाम करणारा ती तोडून मोकळा होतो. डक्ट असेल तर तोच वापरण्याचा आग्रह धरावा, मात्र विजेच्या मुख्य तारांच्या डक्टमध्ये फायबर घालू देऊ नये. पुढे दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या जिवाला त्यात धोका असतो. डक्टच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते हेही तेव्हाच विचारून ठेवावे, कारण रविवारी लाइन गेल्यावर तार सापडण्याआधी किल्ली शोधावी लागते.

काही संस्था एकाच ऑपरेटरशी करार करून बाकीच्यांना आत येऊ देत नाहीत. अशा करारातून संस्थेला काही रक्कम मिळत असेलही, पण रहिवाशांची निवड संपते आणि सेवा सुधारण्याचा दबावही संपतो. सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मांडायला संकोच करू नये. भाडेकरूंनी भिंतीला छिद्र पाडण्यापूर्वी घरमालकाची संमती घ्यावी, साधा व्हॉट्सॲप संदेश असला तरी चालेल.

बॉक्सची जागा आधी ठरवा

जोडणीला येणारा मुलगा मुख्य दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात बॉक्स लावून देण्याच्या तयारीनेच येतो, कारण तिथे तार कमी लागते आणि काम अर्ध्या तासात उरकते. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण वाय-फायचा सिग्नल मग जिन्यात भरपूर आणि आतल्या खोलीत नाही अशी गत होते. म्हणून तो येण्याच्या आदल्या दिवशी घरात फिरून जागा नक्की करावी : घराच्या साधारण मध्यावर, जमिनीपासून पाच-सहा फूट उंचीवर, जवळ विजेचा पॉइंट असलेली, आणि लोखंडी कपाट, फ्रीज, आरसा व मायक्रोवेव्ह यांपासून दूर. टीव्हीच्या मागची पोकळी दिसायला नीटनेटकी असली तरी सिग्नलला आणि बॉक्सच्या तापमानाला दोन्हींना वाईट.

भिंतीचा विचार इथे खरोखर करावा लागतो. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती असतात, जुन्या वाड्यांत दगडी, आणि शहरांतल्या फ्लॅटमध्ये आरसीसीचे खांब. यांतल्या दोन भिंती ओलांडल्या की वाय-फायचा वेगवान असा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मान टाकतो. अशा घरात शक्तिशाली राउटर घेण्यापेक्षा दोन ठिकाणी वाय-फाय ठेवून त्यांना लॅन केबलने जोडणे कधीही चांगले. घराचे नूतनीकरण चालू असेल तर मुख्य दरवाजापासून हॉलपर्यंत आणि हॉलपासून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पीव्हीसी पाइप भिंतीत टाकून घ्यावा, त्यात ओढदोरी ठेवावी.

मग प्लॅन निवडा

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. डाउनलोड होणाऱ्या फाइलचा वेग मेगाबाइटमध्ये दिसतो आणि तो त्याच्या एक अष्टमांश असतो. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर साडेबारा मेगाबाइटचा वेग दिसला तर फसवणूक झालेली नाही. चारपाच माणसांच्या घरात दोघे घरून काम करत असतील, एक टीव्ही चालू असेल आणि मुले मोबाइलवर असतील, तरी १०० एमबीपीएस पुरतात.

‘अनलिमिटेड’ या शब्दापुढे एफयूपीची, म्हणजे पूर्ण वेगाने वापरता येणाऱ्या डेटाची, मर्यादा बारीक अक्षरांत असते. काही प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, काहींत त्याहून खूप कमी, आणि ती ओलांडल्यावर वेग किती उरतो हे विचारून घ्यावे. अपलोडचा वेग वेगळा विचारावा. जाहिरातीतल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो. बॉक्स विकत की परतीच्या बोलीवर, अनामत किती, जोडणीचे शुल्क किती, आणि सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकरकमी भरल्यास मध्ये सेवा सोडल्यावर काय परत मिळते, ही उत्तरे संदेशातून लेखी घ्यावीत. पहिल्यांदा तीन महिन्यांपेक्षा जास्त पैसे आगाऊ भरू नयेत, सूट कितीही आकर्षक असली तरी. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा लागतोच. भाडेकरूंना बहुधा भाडेकरार मागतात.

जोडणीच्या दिवशी काय पाहावे

ड्रॉप वायरमध्ये काचेच्या धाग्यासोबत ताण घेणारी एक पोलादी तार असते. खांबापासून घरापर्यंत झोळ सांभाळून ही पोलादी तार बाहेरच हुकाला बांधायची, आणि आत येताना ती कापून फक्त धागा असलेला भाग घ्यायचा, हा नीट कामाचा पहिला नमुना. काच वीज वाहत नाही, पण ती पोलादी तार वाहते. वीज कडाडणाऱ्या मुलखात ती थेट बॉक्सपर्यंत आणणे धोक्याचे आहे. भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला किंचित उतरते पाडावे आणि तार आत येण्यापूर्वी तिला खाली झुकलेला एक लूप द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून ओघळत घरात येत नाही.

यानंतर जोड. स्प्लाइसिंग मशीन घेऊन आलेला माणूस धाग्यावरचे आवरण सोलतो, स्पिरिटने पुसतो, क्लीव्हरने काटकोनात कापतो आणि दोन टोके मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. पडद्यावर ती दोन जाड नळ्यांसारखी दिसतात, एक ठिणगी पडते आणि मधली रेघ नाहीशी होते. अशा जोडात प्रकाशाची तूट ०.१ डेसिबलच्या आत राहते. मशीनऐवजी हाताने बसवलेला फास्ट कनेक्टर वापरणारेही पुष्कळ आहेत. तो लगेच काम देतो, पण दमट हवेत आणि हलवाहलवीत लवकर सैल पडतो, म्हणून मशीनचा जोड मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्यावेत. कापलेले काचेचे तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत आणि कातडीत घुसतात. लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये, आणि ते तुकडे चिकटपट्टीवर गोळा करायला सांगावे. चालू तारेच्या टोकात डोकावून पाहू नये, त्यातला प्रकाश अदृश्य असला तरी लेझरच असतो.

घरात शिरल्यावर तारेला काटकोनात वळवू नये. घरगुती वापराची चांगली तार सुमारे एक सेंटीमीटर त्रिज्येचे वळण सहन करते, साध्या तारेला तीन सेंटीमीटर लागतात. कोणती तार आहे हे नक्की नसेल तर तीनच धरावे. जास्तीची तार खिळ्याभोवती गुंडाळण्याऐवजी मोठ्या गोलाकार गुंडाळीत बांधावी.

माणूस निघण्यापूर्वी पॉवर मीटरवरचा आकडा मागावा आणि त्याचा फोटो काढून ठेवावा. घरापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाची ताकद सांगणारा हा आकडा डीबीएम या एककात आणि उणे असतो. हिशेब सोपा आहे : केंद्रातून निघताना प्रकाश अधिक ३ डीबीएम आहे असे धरले, पाच किलोमीटर तारेत दीड डेसिबल गेले, आठ वाटांचे दोन स्प्लिटर एकापुढे एक असल्याने प्रत्येकी साधारण साडेदहा म्हणजे २१ गेले, आणि जोड व कनेक्टर मिळून १ गेला, तर घरात उणे २०.५ पोहोचतात. उणे १५ ते उणे २४ दरम्यानचा आकडा निर्धास्त समजावा. नेहमीचे जीपॉन बॉक्स उणे २७ च्या आसपास हात टेकतात; त्यामुळे उणे २६ वर चाललेले कनेक्शन आज चालते आणि जोड जरा ढिला झाला की बंद पडते. तसा आकडा दिसला तर तिथेच जोड पुन्हा करून घ्यावा, कारण नंतर त्याच तक्रारीसाठी माणूस बोलावणे फार अवघड जाते.

वेग मोजणे आणि वाय-फाय लावणे

पहिली मोजणी मोबाइलवर करू नये. लॅपटॉप लॅन केबलने थेट बॉक्सला जोडून मोजावे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री. २०० चा प्लॅन असून आकडा ९४ च्या आसपास अडकला असेल तर दोष बहुधा लाइनचा नसतो. बॉक्सचे पोर्ट १०० चे आहे, किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची पूर्ण केबल लावून पुन्हा पाहावे. वायरवर आकडा बरोबर आणि मोबाइलवर कमी असेल तर दुखणे वाय-फायचे आहे; २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण मंद असतो, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण भिंतींपुढे दुबळा. बॉक्सवर छापलेला पासवर्ड आणि बॉक्सच्या सेटिंगचा पासवर्ड हे दोन्ही पहिल्याच दिवशी बदलावेत.

वीज गेली की नेट गेले, ही तक्रार भारनियमनाच्या भागात कायमची. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालतात, तेव्हा त्या व्होल्टेजचा लहान मिनी यूपीएस घ्यावा. खरेदीपूर्वी अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत. घरात इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा पॉइंट त्याच्या लाइनवर घ्यावा.

दुकान आणि कार्यालयासाठी

दुकानात बिलिंग, स्वाइप मशीन आणि सीसीटीव्ही या तिन्हींचा भार मुख्यतः अपलोडवर पडतो. आठ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसने बाहेर पाठवत असतील तर १६ एमबीपीएस त्यातच जातात. कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बाहेरून थेट उघडायचा असेल तर स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र इंटरनेट पत्ता, मागावा लागतो, कारण साध्या कनेक्शनवर अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी दिलेला असू शकतो. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक पहिल्याच अर्जात भरावा, म्हणजे बिलावरच्या जीएसटीची वजावट घेता येते.

ज्यांचा धंदा तासभरही थांबू शकत नाही त्यांच्यासाठी लीज्ड लाइन असते : येण्याचा आणि जाण्याचा वेग सारखा, बँडविड्थ राखीव, आणि बिघाड किती वेळात दुरुस्त करायचा याचा करार. ती साध्या ब्रॉडबँडच्या कित्येक पट महाग पडते, त्यामुळे बहुतेक दुकानदारांना दोन वेगळ्या कंपन्यांची दोन साधी कनेक्शने परवडतात. तेव्हा एक गोष्ट स्वतः बाहेर जाऊन पाहावी : दोन्ही तारा एकाच खांबावरून आणि एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही जातात. दुसरे कनेक्शन इमारतीच्या मागच्या बाजूने येणारे किंवा बिनतारी घ्यावे.

बिघाड, तक्रार आणि बंद करणे

बॉक्सवर एलओएस नावाचा लाल दिवा लुकलुकू लागला म्हणजे प्रकाश पोहोचत नाही. अशा वेळी अॅडॉप्टर तपासावा, तार कुठे दबली आहे का ते पाहावे, एवढेच घरी करण्यासारखे. तारेच्या टोकाचा हिरवा कनेक्टर ओढून बोटाने किंवा सदऱ्याने पुसू नये. हिरव्याचे टोक ८ अंशांत तिरके घासलेले असते, त्याच्यावर तेलकट डाग बसला की आणखी बिघडते, आणि निळा कनेक्टर हिरव्याच्या जागी बसला तरी जुळत नाही. लाल दिवा नसेल, पॉन नावाचा हिरवा दिवा स्थिर असेल आणि तरी नेट नसेल, तर दोष तारेचा नाही. रिचार्ज संपला आहे किंवा ऑपरेटरकडे अडचण आहे.

तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक घ्यावा. केबलवाल्याला व्हॉट्सॲप करणे सोयीचे असते, पण त्याची नोंद कंपनीकडे होत नाही. ठरलेल्या मुदतीत काम झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते; त्यासाठी तक्रार क्रमांक लागतोच. पैसे परत न मिळणे किंवा चुकीचे बिल अशा बाबतीत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

घर सोडताना कनेक्शन नुसते रिचार्ज न करता सोडून देऊ नये. बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा, ओएनटी आणि अॅडॉप्टर परत करून अनुक्रमांकासह पोचपावती घ्यावी आणि अनामत किती दिवसांत येईल ते तिच्यावर लिहून घ्यावे. भिंतीतली तार कापू देऊ नये. टोकावर टोपी घालून गुंडाळी तशीच ठेवली तर पुढच्या रहिवाशाला त्याच ऑपरेटरकडून घेताना नवे छिद्र पाडावे लागत नाही.